समुद्राचं वाण

माझा नवरा मोरेश्वर अमेरिकेतल्या एडिसनहून पोर्तो रिकोला आला तो करमाफीसाठी. लोकांना मात्र सांगायचा, "इथला समुद्र बोलावतो यार." समुद्र त्याला कशाला बोलावेल? त्याला साधं पोहता येत नाही. मी मागोमाग आले, सामानासारखी.

बेट अमेरिकेचं, पण अमेरिकेचा अध्यक्ष निवडायला इथल्या माणसाला मत नाही. ते वर्ष बेट ढवळून काढणारं होतं. येताजाता वीज जायची. भिंतीभिंतीवर 'किनारे विकायचे नाहीत' असं रंगवलेलं. नोव्हेंबरात तर स्वातंत्र्य मागणाऱ्यांना कधी नव्हे एवढी मतं पडली. मोरेश्वर बाल्कनीत बिअर घेऊन बसायचा. "यांना झेपणारे का स्वातंत्र्य? साधे दिवे पेटते ठेवता येत नाहीत."

आणि त्याच तोंडाने आजोबांची गोष्ट. एकोणीसशे तीस साली ते शिरोड्याच्या समुद्रावर गेले, मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या. त्यांचा फोटो हॉलमध्ये टीव्हीच्या वर. बिचाऱ्यांना सगळं ऐकावं लागायचं.

आमच्या इमारतीमागे इव्हेलीस राहते. सत्तरीची, एक गुडघा कामातून गेलेला. तिचा नवरा होडी घेऊन मासे धरायला गेला तो आलाच नाही. रोज सकाळी ती आमच्या कुंपणालगतच्या पायवाटेने उतरायची, घोटाभर पाण्यात उभी राहायची आणि त्याला घरचं सांगायची. अंडी महागली, नातीचं लग्न ठरलं, आंब्याला मोहोर आला. लाट यायची, पाय धुऊन जायची. मी वरून बघायची. कधी नवऱ्याशी इतकं बोलल्याचं मला आठवत नाही.

मोरेश्वर इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष झाला आणि पहिलं काम काय केलं, तर त्या पायवाटेला लोखंडी फाटक. वीज जाते म्हणून बटणांचं नको, साधं किल्लीचं कुलूप. किल्ल्या फक्त फ्लॅटवाल्यांना.

इव्हेलीस दोन सकाळी गज धरून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी आमच्या दारात आली.

"हायवेवरून रस्ता आहे की," मोरेश्वर म्हणाला.

"दोन मैल आहे तो. या गुडघ्याने?"

"आय अंडरस्टँड. पण सिक्युरिटी आहे." आणि आजोबांच्या फोटोसमोरच दार लावून घेतलं.

तेव्हापासून माझ्या जिभेवर एक ओवी बसली. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना:

समिंदराच्या वाटंवरी कुणी घातलं कुलूप
घरधनी माझा बाई शहाणपणाचं गं रूप

संक्रांत आली. हळदीकुंकवाची हौस त्यालाच. मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकायचे होते. "वाण क्लासी दे हं, अहिल्या. आणि त्या मागच्या म्हातारीला बोलावू नकोस. विधवा आहे ना ती? आपल्यात चालत नाही."

"तुला शास्त्र कधीपासून कळायला लागलं?"

मी सर्वांत आधी तिलाच बोलावलं. तिच्या गल्लीतल्या आणखी अकराजणी आल्या, फुलाफुलांचे झगे घालून. मी एकेकीला हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला, हातात खणाची छोटी पिशवी ठेवली. इव्हेलीसने कुंकवाला बोट लावून पाहिलं आणि हसली.

आमच्या शेजारच्या नेत्राने पिशवी उघडली. "अय्या, किल्ली? ही तर फाटकाची! माझ्याकडे आहे गं."

"असू दे. त्यांच्याकडे नव्हती."

मोरेश्वर मोबाइल धरून फोटो काढत होता. हात तसाच हवेत राहिला. "अहिल्या, आर यू मॅड? उद्याच लॉक चेंज करतो."

"कर. वाण रथसप्तमीपर्यंत लुटता येतं. नव्या कुलपाची किल्ली घेऊन पुन्हा बोलावीन."

त्याच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. गोड बोल, म्हटलं नाही.

खाली फाटक करकरलं. इव्हेलीस कुंकू लावूनच पाण्याकडे निघाली होती. नवऱ्याला आज तिला बरंच सांगायचं असणार.