खाणीच्या तोंडाशी सांडलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जागोजागी पोचे पडलेला, कडीला तार गुंडाळलेला. माझ्या तळात प्यायचं पाणी असे आणि वरच्या कप्प्यात काळा पाव, खारवलेला मासा. टेक्ला खुशीत असली तर वेलदोडा घातलेला गोड पावही! तिचा नवरा एलोफ सांडक्विस्ट मला घेऊन रोज अमेरिकेतल्या आयोवामधल्या कोळशाच्या खाणीत उतरायचा. स्वीडनमध्ये तो शेतात राबला होता, इथे जमिनीच्या पोटात राबत होता. घरी एक लहान लेक होती, सिग्ने.

भुकेला माणूस डब्याकडे किती मायेने बघतो, ते मला विचारा! पण त्या हिवाळ्यात एलोफच्या घशाखाली घास उतरेना. खाणीत डोक्यावरचं छत सारखं कुरकुरत होतं. टेकूला लाकूड मागितलं की मुकादम म्हणे, "येईल रे, येईल. अजून पडलंय का? मग!" मी पत्र्याचा, पण माझाही जीव टांगणीला लागलेला असे.

आमच्या खाणीत एक रीत होती. खाणीच्या तोंडाशी ज्याच्या डब्यातलं पाणी सांडेल, त्याने त्या दिवशी खाली उतरायचं नाही.

नवरा भरल्या ताटावरून उठतो, म्हणून टेक्लाने खोदून खोदून विचारलं आणि छताचं कळताच तिचा धीर सुटला. सकाळी ती त्याच्यामागे खाणीपर्यंत आली आणि सगळ्यांदेखत तिने मला हिसकावून उपडं केलं.

"झालं! आज नाही जायचंस तू."

एकच हशा पिकला. शेजारचा नेल्स ओरडला, "एलोफ, उद्या बायको कडेवर घेऊन येईल हो तुला!"

घरी येऊन एलोफ कडाडला, "चारचौघांत माझं नाक कापलंस!"

"नाक गेलं तर गेलं. मान तर शाबूत आहे ना?" असं म्हणून टेक्ला रडायलाच लागली.

त्या दिवशी छत काही पडलं नाही. नेल्स हसत हसत खाणीतून परतला. टेक्लाची मान खाली गेली आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला काठोकाठ भरलं. "जा. मी येत नाही. फक्त संध्याकाळी सिग्नेला काय सांगू, ते तूच सांगून जा."

एलोफने मला उचललं. वाटभर त्याने माझी कडी घट्ट आवळून धरली होती. खाणीच्या तोंडाशी मुकादम म्हणाला, "काय रे, आज एकटाच?"

एलोफने खाली अंधारात पाहिलं आणि स्वतःच्या हाताने मला उपडं केलं.

या वेळी कुणी हसलं नाही. नेल्स जरा वेळ घुटमळला. "मलाही पोरं आहेत," असं पुटपुटत त्यानेही आपला डबा ओतला. मग एकामागून एक सगळेच डबे ओतले गेले. लाकूड आल्यावरच माणसं खाली उतरली.

मित्रांनो, आता मी सिग्नेच्या पडवीत गंजत पडलोय. मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. पण घरात तुमच्या काळजीने कुणाचा जीव खालीवर होत असेल, तर त्याला हसू नका. एलोफला विचार करायला दुसरा दिवस मिळाला. सगळ्यांनाच तो मिळतो असं नाही.