घोंगडी भुईवर आहे तोवर

बिऱ्हाड हललं, घोड्यांवर सामान चढलं, की साखराबाई सुनेकडे बघून एकच गोष्ट विचारायची, “तवा घेतला का गं?” तीन वर्षं झाली, ती हेच विचारत होती. योगिता लग्न होऊन आली त्या वर्षी केजजवळच्या एका शेतात भाकरीचा तवा चुलीवरच राहून गेला होता, आणि दोन दिवस दुसऱ्या बिऱ्हाडातून तवा मागून आणावा लागला होता. गोष्ट तेवढीच. पण अशी गोष्ट सासूच्या हाती लागली की ती सहजासहजी सोडत नाही. योगिता खाली मान घालून “घेतला, आत्या” म्हणायची आणि घोडीचा दोर ओढायची.

साखराबाईचा नवरा धुळाजी मेंढपाळ, आणि योगिता त्यांच्या मुलाची, परमेश्वरची बायको. दिवाळी झाली की ही चार माणसं चकलांब्याचं घर बंद करून दीडशे मेंढरं आणि दोन घोड्या घेऊन निघायची, ती घाटनांदूरपर्यंत जायची आणि पावसाळ्याच्या आत परत फिरायची. कुणाच्या तरी रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीचं खत त्याच्या मातीला, त्याची ज्वारी यांच्या पोत्यात, आणि मग पुढचं गाव. चालायच्या दिवशी पुरुष मेंढरं घेऊन रानारानानं जायचे आणि बायका घोड्या घेऊन सडकेनं. एका घोडीवर बाज, तिच्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या. दुसरीवर ज्वारीची पोती आणि जाळीतून मुंड्या बाहेर काढून बघणारी कोकरं. घरात फोन एकच, तो धुळाजीच्या खिशात, आणि एखाद्या धाब्यावर चार्ज झाला तरच चालू.

घरातलं पाचवं माणूस म्हणजे हवालदार. तो कुत्रा होता, पण धुळाजी त्याला कुत्रा म्हणू द्यायचा नाही. अंबाजोगाईच्या चौकात त्याला एकदा जोरात हाक मारली, तर वर्दीतला खरा हवालदार वळून बघायला लागला होता, आणि त्याची समजूत घालताना धुळाजीला घाम फुटला होता. या हवालदाराला पिलू असल्यापासून एक धडा दिलेला. वाटेत एखादी मेंढी व्याली की तिच्यासाठी कळप थांबवता येत नाही. मग धुळाजी खांद्यावरची घोंगडी मेंढीजवळ टाकायचा, “बस, राख” म्हणायचा आणि पुढे जायचा. मागून कुणीतरी घोडी घेऊन येऊन मायलेकरांना उचलेपर्यंत हवालदार तिथेच. घोंगडी भुईवर आहे तोवर राखण, आणि घोंगडी उचलली की सुटका. घरातलं कुणीही त्याला असं बसवू शकत होतं.

यंदा परत फिरण्याआधीचा शेवटचा मुक्काम घाटनांदूरजवळ अंगद नावाच्या शेतकऱ्याच्या रानात होता. निघायच्या दिवशी सकाळी साखराबाई सरपणाला ओढ्यापलीकडच्या चिंचेखाली गेली. हवालदार पाठोपाठ आलाच. तेवढ्यात आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या घरावरून, अंगदच्या बायकोनं, सत्यशीलानं, चहाला हाक मारली. आखाड्यावर त्यांचा कुत्रा बांधलेला. हवालदाराला घेऊन जावं तर भांडण ठरलेलं. साखराबाईनं खांद्यावरची घोंगडी चिंचेखाली टाकली, “बस, राख” म्हणाली आणि गेली.

चहा पितापिता सत्यशीलाच्या सुनेनं, स्वप्नालीनं, विचारलं, “तुमच्या लेकीला फोन लावून देऊ का? तोंड दिसंल.” साखराबाईची लेक करिष्मा पुण्याकडे दिलेली, दिवाळीपासून भेट नाही. फोनमध्ये लेकीचं तोंड दिसलं, नातवानं दोन नवे दात दाखवले, आणि साखराबाईला बाकीचं जग दिसेनासं झालं. सडकेवरून परमेश्वरनं ओरडून सांगितलं, घोड्या निघाल्या. ती डोळे पुसत आखाड्यावरून सरळ सडकेला लागली.

दुपारी, चांगले दोन कोस मागे पडल्यावर, सगळे एका कडुलिंबाखाली जेवायला थांबले. साखराबाईनं बसायला घोंगडी घ्यावी म्हणून खांद्याला हात लावला, तर खांदा रिकामा. चिंच, ओढा, पुढचे दोन पाय ताणून बसलेला हवालदार, सगळं डोळ्यांसमोर आलं. दोन कोस म्हणजे तिच्या पायांना काहीच नव्हतं. आत्ता निघाली असती तर दिवस मावळायच्या आत परत आली असती.

पण तेवढ्यात धुळाजीनं विचारलं, “तुझी घोंगडी कुठं गेली?” आणि तो योगिताकडे बघायला लागला, कारण सामान तिनं भरलं होतं.

“म्या न्हाई बघितली, मामा,” योगिता म्हणाली.

साखराबाईनं खरं सांगायला तोंड उघडलं. पण तीन वर्षं ज्या सुनेला एका तव्यावरून बोललो, तिच्यासमोर ‘मी कुत्रं विसरले’ असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? तोंडातून बाहेर पडलं ते दुसरंच. “तवा तरी घेतला का?” ती म्हणाली.

योगिताचे डोळे भरले. परमेश्वर दुसरीकडे बघत भाकरी खात राहिला. साखराबाईला त्याच क्षणी आपली जीभ तोडून टाकावीशी वाटली, पण बोललेलं तिनं परत घेतलं नाही.

हवालदार नाही हे संध्याकाळी कळलं. जेवताना मेंढरं पलीकडच्या रानात चरत होती, तेव्हा पुरुषांना वाटलं होतं तो घोड्यांपाशी कुठेतरी पडला असेल, आणि योगिताला वाटलं तो मेंढरांपाशी. परमेश्वर म्हणाला, “आबा, मागं जाऊन बघू का?”

“काई नको,” धुळाजी म्हणाला. “त्याला वाट ठाऊक हाय. एखाद्या कुत्रीमागं गेला आसंल. ज्यानं मनानं वाट सोडली त्याला हुडकायचं न्हाई. आपल्यात तशी रीत न्हाई.”

साखराबाई चुलीशी होती. तिनं भाकरी उलटली. भूक लागली की येईल, तिनं मनाशी म्हटलं. पण तो येणार नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. भूक लागली म्हणून यायला त्याला शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंतर दुप्पट झालं. आदल्या दिवशी सांगायला दोन कोसांची लाज होती, आता चार कोसांची झाली, आणि वर ‘काल कावून न्हाई सांगितलं’ याचं उत्तर लागणार होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे लांडग्यानं मेंढरांभोवतीच्या जाळीखालून एक कोकरू ओढून नेलं. धुळाजी रक्ताचा माग बघत उभा राहिला आणि म्हणाला, “बेइमान निघाला भडवा.” सात वर्षांत त्यानं हवालदाराला शिवी दिली नव्हती. त्यानंतर योगिता पहाटेची राखणीला बसायला लागली. राखणीला बसून ती खोकायची, आणि साखराबाई बाजेवर डोळे मिटून तिचा खोकला ऐकत पडायची. जेवताना ती अर्धी भाकरी बाजूला सारायची. धुळाजीला वाटलं, कुत्र्याचं दुःख करतीय. तो एकदा मायेनं म्हणालासुद्धा, “सोड आता त्याचं. आपलं नव्हतंच ते.” त्या मायेनं तिला जास्त मेल्यासारखं झालं.

सहाव्या दिवशी दुपारी बिऱ्हाड मांजरसुंब्याला पोचलं. धाब्यामागच्या मोकळ्या रानात शहादेवचं बिऱ्हाड आधीच उतरलेलं होतं. शहादेव धुळाजीचा जुना सोबती. हवालदाराचं ऐकून त्यानं एक काळं पिलू आणून धुळाजीच्या पुढ्यात सोडलं.

“ह्याची माय लांडग्याला भ्याली न्हाई कदी,” शहादेव म्हणाला. “घे. बांध पट्टा.”

पट्टा म्हणजे खिळे मारलेला कातडी पट्टा. लांडगा गळा धरतो म्हणून हवालदाराच्या गळ्यात तो संध्याकाळी बांधायचा आणि सकाळी सोडायचा. बिऱ्हाडात पट्टा एकच असतो. तो नव्या कुत्र्याच्या गळ्यात गेला की जुन्याचं नाव कुणी घेत नाही, मग तो मेलेला असो की पळालेला. धुळाजीनं पिशवीतून पट्टा काढला. पिलाच्या मानेला तो दोन वेळा गुंडाळावा इतका मोठा होता, म्हणून तो खिळ्यानं नवं भोक पाडायला लागला.

“भोक पाडू नका,” साखराबाई म्हणाली.

“आं?”

“पट्टा त्याचा हाय. त्यो पळाला न्हाई. म्या बसवलाय त्याला. घाटनांदूरला, ओढ्याच्या चिंचेखाली. घोंगडी टाकून बसवला आन् इसरले.”

धुळाजीनं बोटांवर मोजल्यासारखं केलं. “सा दिस,” तो म्हणाला. “आन् याद कवा आली तुला?”

“त्याच दुपारी. लिंबाखाली.”

शहादेवनं पिलू उचललं आणि आपल्या बिऱ्हाडाकडे गेला. धुळाजीनं पट्टा पिशवीत परत ठेवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता “जा” म्हणाला आणि मेंढरांकडे चालायला लागला. योगिता तोवर परातीशी उभी होती. लिंबाखाली तव्याची गोष्ट का निघाली हे तिला आता कळलं होतं, आणि तिला कळलं हे साखराबाईला दिसलं. सासू मान वर करीना. योगितानं फडक्यात तीन भाकरी बांधल्या आणि तिच्या हातात दिल्या.

“दोन त्याच्या,” ती म्हणाली. “एक तुमची.”

परमेश्वर सोबत येतो म्हणाला, तर साखराबाई नको म्हणाली. एकटीच एसटीनं अंबाजोगाईला गेली, तिथून दुसरी गाडी धरून घाटनांदूरला. सहा दिवसांची वाट खिडकीतून उलटी पळत होती. जिथे जिथे मुक्काम पडला ती शेतं तिला ओळखू यायची, आणि प्रत्येक शेताला ती मनात म्हणायची, इथून तरी फिरायला पाहिजे होतं. तो मेला असेल असं एकदा वाटायचं, आणि जिवंत असेल असं वाटलं की जास्त भीती वाटायची.

ऊन तिरपं झालं तेव्हा ती अंगदच्या आखाड्यावर पोचली. सत्यशीला धावत बाहेर आली.

“आलात का बाई. मी रोज म्हनते, आज तरी येतील. लई इमानी जनावर हाय. दोन दिस तोंडात पानी घेतलं न्हाई त्यानं. मग मीच पाटी भरून जवळ सरकवली. भाकर टाकली की तेवडी उचलून परत घोंगडीपाशी. घोंगडी आखाड्यावर आनावी म्हनलं तर अंगावर आला. ह्यांनी फोन लावला, तर तुमचा बंद.” मग तिनं विचारलं, “कावून ठिवून गेलतात वो त्याला?”

“इसरले,” साखराबाई म्हणाली. जरा थांबून म्हणाली, “आर्धा दिस इसरले. बाकी सारे दिस ठाऊक होतं.”

सत्यशीला पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली.

साखराबाई ओढा ओलांडून गेली. चिंचेखाली घोंगडी तशीच होती, वर पाला पडलेला, आणि तिच्या कडेवर दोन पाय ठेवून हवालदार. बरगड्या मोजता येत होत्या. त्यानं तिला पाहिलं. कान उभे राहिले, शेपटी मातीवर आपटायला लागली, धूळ उडाली. पण तो उठला नाही. घोंगडी अजून भुईवर होती ना. ती उचलायला साखराबाईचे हात होईनात. ती तिथेच खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. हवालदार शेपटी हलवत तिच्याकडे बघत राहिला.

शेवटी तिनं घोंगडी उचलली. तसा तो उठला, मागचे पाय थरथरले, आळस दिला आणि येऊन त्यानं तिच्या गुडघ्याला डोकं घासलं. गुरगुरला असता, चावला असता, तर तिला चाललं असतं. त्याच्या मनात काही नव्हतं, आणि तेच तिला सोसेना. तिनं तिन्ही भाकरी त्यालाच घातल्या.

रात्र तिनं आखाड्यावर काढली. अंगदनं सकाळी बीडला निघालेला टरबुजांचा टेम्पो गाठून दिला. बिऱ्हाडावर पोचल्यावर धुळाजीनं हवालदाराचं तोंड धोतराच्या सोग्यानं पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि दिवस मावळताना त्याच्या गळ्यात पट्टा बांधला. बायकोशी तो बोलला नाही. कुत्र्याला दिलेली शिवी त्यालाही कुठेतरी टोचत असावी.

दोन दिवसांनी बिऱ्हाड हललं. हवालदार अजून अशक्त होता, म्हणून धुळाजीनं त्याला घोड्यांबरोबर सडकेनं पाठवलं. सामान चढलं. साखराबाई घोडीचा दोर धरून उभी राहिली. आज योगिता विचारणार, घोंगडी घेतली का, आत्या. विचारायलाच पाहिजे, तिचा हक्कच होता. साखराबाईनं उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. योगितानं तवा पोत्याला बांधला, गाठ ओढून बघितली आणि चालायला लागली. तिनं काही विचारलं नाही.

दुपारी एका झाडाखाली थांबले. साखराबाईनं बसायला घोंगडी खाली टाकली. सावलीत धापा टाकत पडलेला हवालदार तिथून उठला, चालत आला, घोंगडीच्या कडेवर पुढचे दोन पाय ठेवले आणि सडकेकडे तोंड करून बसला. कुणी “राख” म्हणालं नव्हतं. साखराबाईनं घोंगडी झटकन उचलली. तसा तो उठला आणि सावलीत जाऊन पडला.

योगितानं हे पाहिलं. तिनं हात पुढे केला. “आत्या, आणा इकडं. घोडीवर टाकते. लई ऊन हाय, खांद्यावर कशाला?”

“ऱ्हाऊ दे,” साखराबाई म्हणाली. भर वैशाखात ती लोकरीची घोंगडी तिनं खांद्यावर नीट ओढून घेतली आणि उघड्या मातीवर बसून भाकरी खाल्ली. पुढे चकलांबा येईपर्यंत ती रोज तशीच जेवली.