शेवटचं जुनं कुलूप

सर्व्हरमधली जुनी कुलुपं आज काढायचीच, असं ठरवून ती बसली खरी, पण तिचं बूड काही खुर्चीला टेकेना. दवाखान्यातले एक्स-रे त्या सर्व्हरवरून डॉक्टरांकडे जायचे, आणि वाटेत कुणी वाचू नयेत म्हणून एन्क्रिप्शनच्या कुलपात बंद होऊन जायचे. त्यातली काही कुलुपं इतकी जुनाट, की चोरानं ती हसत हसत उघडली असती. तिनं सेटिंगमधून ती एकेक करून उडवली. शेवटच्यापाशी मात्र हात अडला.

ते कुलूप आता एकच संगणक वापरत होता, तिच्या सासऱ्यांचा. सासरे निवृत्त डॉक्टर, घरी बसून एक्स-रे वाचायचे. त्यांच्या जुन्या संगणकाला नवी कुलुपं कळत नव्हती. नवा आणला, तर त्याच्या पडद्यावरचा राखाडी रंग खोटं बोलतो म्हणून त्यांनी तो परत पाठवला. सासूबाई गेल्यापासून या कामानंच त्यांना उभं ठेवलं होतं. ते काम आपल्या हातानं तोडायचं? तिनं ते एक कुलूप राहू दिलं आणि साहेबांना काम झालं म्हणून सांगून टाकलं.

घरी आली तरी जिवाला स्वस्थता नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं. जेवताना सासऱ्यांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं, आणि वर फक्त तुमच्यापुरतंच ठेवलंय, अशी मखलाशीही केली.

"माझ्यापुरतं? त्यातून दुसरं कुणी वाचू शकत नाही?"

"शकतं, बाबा."

त्यांचा घास हातातच राहिला. "त्या फोटोंवर लोकांची नावं असतात, सूनबाई. काढ ते."

तिनं लॅपटॉप उघडला. ते खुर्ची ओढून शेजारीच बसले. तिनं सेटिंगमधली त्या कुलपाची ओळ खोडली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. मग त्यांनी जाऊन आपल्या संगणकावरून सर्व्हरला जोडून पाहिलं, पुन्हा पाहिलं. जोडलं जाईना. बरोबर झालंय, म्हणाले. तिला रडू येत होतं.

"तो नवा संगणक परत मागव," ते म्हणाले. "तुझ्या सासूच्या मनगटाचा एक्स-रे आहे माझ्याकडे, रेघ न् रेघ पाठ आहे. तो त्यावर नीट दिसला, तर काम करीन. नाही दिसला, तर मला गोड बोलून कामाला बसवू नकोस."

ती हो म्हणाली.