राणीचा डोळा

आईनं नाणं दिलं त्याला चाळीस वर्षं झाली, आणि जोह्याच्या काशीबाईनं ती चाळीस वर्षं एकच गोष्ट मनात धरून काढली: आपल्याला झिजकं दिलं, धाकट्या जनूला कोरं.

नाणी दोनच होती, चांदीची. आजा मिठाच्या गलबतावर जायचा, त्यानं एडनहून आणलेली. एका बाजूला भरल्या अंगाची कुठलीशी राणी, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड. काशीबाईच्या राणीला ना नाक उरलं होतं ना डोळा, नुसता गुळगुळीत गाल. जनूची राणी मात्र अशी टवटवीत की आत्ता बोलेल. आई काही न सांगता गेली. पण सांगायचं काय त्यात? पानात मासळीची तुकडी पडली की नुसतं कालवण, ते जेवणाऱ्याला कळतंच.

मग एका दुपारी वरशाहून, सासरहून, जनूचा फोन आला. तिच्या लेकानं, निकेशनं, मोबाइलवर पाहिलं होतं, म्हणे असली नाणी लाखाला जातात. रोह्यात जुन्या नाण्यांचे जाणकार होते, हर्षदशेट. "बाय, दोघी जाऊ गो. तुझं पण आण."

लाख गेले खाडीत. काशीबाईला दिसला तो शेटचा टेबल. त्यावर दोन राण्या शेजारी शेजारी, आणि एक परका माणूस मोठ्यानं सांगतोय, आईनं कुणाला काय दिलं ते. हे काही तिला सोसणारं नव्हतं.

नवरा कमळाकर कारखान्यात माघी गणपतींचे डोळे काढत बसला होता. डोळ्यांच्या आखणीत अख्ख्या जोह्यात त्याचा हात धरणारा नव्हता.

"अवो, एवढ्या गणपतींना डोळे देता, या एका राणीला द्या की."

कमळाकरनं नाणं उजेडात धरलं. "ही बाजूला बघतेय. एकच येईल."

"एक तर एक. कोण तिला गाडी चालवायची हाय?"

बिनडोळ्यांचं तोंड समोर आलं की कमळाकरचा हात शिवशिवायचाच. त्यानं पोलादी टोचणी आणि बारकी हातोडी घेतली आणि संध्याकाळपर्यंत राणी माणसात आणली. धनुष्यासारखी भुवई, धारदार नाक. डोळा मात्र त्याच्या हाताला सवयीचा तोच बसला, कमळाच्या पाकळीसारखा, समोर बघणारा. बाजूच्या तोंडावर समोरचा डोळा! आणि नाकात नथ.

"नथ कशाला?"

"नाक मोकळं दिसत होतं."

काशीबाईनं वरून चिंच लावून नाणं लखलखीत केलं, आणि एसटीनं रोहा गाठलं.

हर्षदशेट साठीचे, शांत माणूस. त्यांनी आधी जनूचं नाणं मागितलं. "बोटं नको, कडेनं धरा." भिंग डोळ्याला लावलं. "सतराशे ऐंशी. हुरळू नका. राणी मेल्यावरही कितीतरी वर्षं हेच साल घालून नाणी पाडत राहिले. पण हे वापरलेलं नाही. राणीच्या खांद्यावरच्या पिनेचे मोती बघा, नऊच्या नऊ मोजता येतात." मग त्यांनी मान वर केली. "घासलंत?"

"राखेनं," जनू अभिमानानं म्हणाली. "सकाळीच."

शेटनी डोळे मिटले. "अहो, चांदीवर काळपट साय चढते, तिलाच किंमत असते. तुम्ही तिची कातडीच सोलली. आता चांदीच्या भावात."

काशीबाईच्या जिवाला इतका गारवा कित्येक दिवसांत लागला नव्हता. तिनं आपलं नाणं पुढे केलं.

शेटनी भिंगातून पाहिलं, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. "ही कुठली राणी?"

"तीच."

"हिला नथ आहे."

"सणाची असंल."

"बाई, ही माझ्याकडे बघतेय!"

जनू पदर तोंडात कोंबून हसायला लागली. "भाऊजींचा डोळा! बाय, आमच्या घरच्या गणपतीचा असाच हाय!"

शेटही हसले. "हेही चांदीच्या भावात." पण सवयीनं त्यांनी नाणं उलटं केलं आणि हसायचे थांबले. "गंमत आहे. बाजारात फिरलेलं नाणं दोन्हीकडून झिजतं, आधी उंचवटे, मग कड. इथे गरुडाचं पीस न् पीस शाबूत आहे. कडेची अक्षरंसुद्धा. झिजला तो फक्त गाल." त्यांनी दोन्ही नाणी काट्यावर ठेवली. "अर्धा ग्रॅम कमी. हे कुणी खर्चलेलं नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच अंगठ्यानं कुरवाळलंय."

काशीबाईला आईची कमरेची चंची आठवली. मिठागरावर बसलेली आई, एक हात कायम चंचीत. पान काढतेय असं वाटायचं. पान कधी बाहेर यायचंच नाही.

म्हणजे आईनं अंगावरचं नाणं आपल्याला दिलं. चाळीस वर्षांची अढी भर दुपारी, पंख्याखाली, सुटली. तिनं जिंकल्याच्या तोऱ्यात जनूकडे पाहिलं.

जनूचं हसू कुठच्या कुठे गेलं होतं. "म्हणजे माझ्या नाण्याला आईनं हातच लावला नाय," ती हळूच म्हणाली. "ट्रंकेतच राहिलं."

आता या पोरीनंही हे चाळीस वर्षं उरात घेऊन बसायचं काय? काशीबाई फटकन म्हणाली, "काय गो येडी तू! चंचीत चुन्याची डबी होती, तिला घासून झिजलं. तुझं चांगलं म्हणून जपून ठेवलं आईनं."

"छे, डबीनं असं नुसत्या गालावर—" शेट सुरू झाले.

"शेट, तुम्ही पान खाता?"

"नाही."

"मग चुन्याच्या डबीचं तुम्हाला काय ठावं?"

शेटनी तिच्याकडे पाहिलं, जनूकडे पाहिलं, आणि भिंग खणात ठेवलं. "शक्य आहे," ते म्हणाले. "डबी असेल."

जनूनं नाक पुसलं. "आईला मेलं पान सुटायचंच नाय," ती म्हणाली, आणि भुकेची आठवण होऊन दोघी मिसळ खायला गेल्या.

परतीच्या एसटीत काशीबाईनं नाणं मुठीत घेतलं. राणी डोळा फाडून तिच्याकडे बघत होती. तिनं त्या डोळ्यावर अंगठा ठेवला आणि घासायला लागली. नागोठणं गेलं, वडखळ आलं. पेणला उतरताना तिनं उजेडात धरून पाहिलं.

डोळा तसाच. नथसुद्धा.

"ह्यांचा हात मेला पक्का," ती पुटपुटली, आणि जोह्याच्या गाडीत बसल्यावर पुन्हा सुरू झाली.