सातवा रकाना

"बाई, या सातव्या रकान्यात, नात्यापुढं, 'आई' कुणी लिहिलं?" कर्जतच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज धोंडूबाईसमोर धरला.

"अलीनंच लिवलं, कुवेतवरनं," शेजारी बसलेला अबूबकर म्हणाला.

"मुलगा अली आणि आई धोंडूबाई? थट्टा आहे का?"

थट्टा कसली! अलीला जन्म देऊन बदरुन्निसा तिसऱ्या दिवशी गेली, तेव्हा खालापुरात किराण्याचं दुकान चालवणारा अबूबकर पोर पंच्यात गुंडाळून शेजारच्या धोंडूबाईच्या पडवीत येऊन उभा राहिला. तिनं अंगावर पिणाऱ्या आपल्या लेकीला, मैनेला, एका मांडीवर सरकवलं आणि अलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. दूध पाजलं ती आई, हे अबूबकरच्या धर्मातच होतं. धोंडूबाईला ते कुणी सांगावं लागलं नाही. अलीच्या लग्नात आईच्या मानाचं लुगडं तिलाच नेसवलं आणि भावकीतल्या एकाही बाईनं नाक मुरडलं नाही.

आता अली कुवेतला फिटर होता. सरकारनं योजना काढली होती: परदेशात राबणाऱ्यानं तिथल्या कमाईतून गावाकडच्या सख्ख्या नातलगाला ट्रॅक्टर भेट द्यावा, देशाची शेती पुढं न्यावी. धोंडूबाईच्या जोडीतला एक बैल उन्हाळ्यात मेला आणि विधवा बाई उसना बैल मागत दारोदार फिरते, हे अलीला पत्रातून कळलं. त्यानं लगोलग अर्ज भरून पाठवला.

कारकून माणूस वाईट नव्हता. "हे बघा," चष्मा काढून तो म्हणाला, "अबूबकरशेठ सख्खे बाप. त्यांच्या नावावर मंजूर करून देतो. मग चालवा बाईंच्या शेतात, कोण बघायला येतंय? फक्त बाईंनी लिहून द्यायचं, मी अलीची आई नाही, चुकून लिहिलं गेलं. खाली अंगठा." त्यानं स्वतःच तसं लिहून कागद पुढं सरकवला.

"वहिनी, कागदच हाय तो," अबूबकर खाली बघत म्हणाला.

धोंडूबाईला ट्रॅक्टर हवा होता, नाही कशाला म्हणा. महिनाभर ती त्याच्यासाठी गोठ्यातली अर्धी जागा झाडून ठेवत होती. तिनं अंगठा शाईवर टेकवलासुद्धा. मग हात थांबला.

"काय लिवलंय, परत वाच."

"मी अलीची आई नाही," अबूबकरनं वाचलं.

"नाय रं बाबा," ती कारकुनाला म्हणाली. "माज्या मैनेच्या वाटणीचं दूध प्यालाय त्यो. आता नाय कसं म्हनू?"

कारकुनानं 'आई'वर लाल रेघ मारली आणि अर्ज परत दिला.

दोघं खालापूरच्या एसटीत बसले. चौक गावाजवळ अबूबकर म्हणाला, "अलीला काय कळवू? वाट बघत आसंल."

धोंडूबाई अंगठ्याची शाई पदराला पुसत होती.

"त्या रेघेचं नको लिवूस. पोराच्या जिवाला लागंल," ती म्हणाली. "लिव, आई म्हनते, मला बैलच बरा."

घरी आल्यावर तिनं ट्रॅक्टरसाठी झाडलेल्या जागेत उरलेला बैल नेऊन बांधला.