हातांवर बसलेली थोरली

थोरलीला सगळं येत होतं, आणि नेमकी तीच अडचण होती.

बसथांब्यावर ज्या उजळ पाट्या असतात, कुठली बस किती मिनिटांत येईल ते सांगणाऱ्या, त्यांच्यामागचं सॉफ्टवेअर चौथ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत लिहिलं जायचं. खोलीत माणसं चार. थोरली टीमची लीड. शंकेखोर दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचा. पाणी पिण्याआधी पेलाही उलटा करून बघणारा माणूस. गुपचूप माहितीचे साठे सांभाळायचा आणि दिवसाला मोजून सात वाक्यं बोलायचा. चौथी नवी, तिला येऊन वर्ष उलटलं तरी ती नवीच.

कुठे पाटी अडली की हाक एकच: ताई! थोरली "सरा जरा" म्हणत खुर्ची ओढायची. तिची बोटं कीबोर्डवर चालायला लागली की तव्यावर लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा. दहा मिनिटांत पाटी चालू. बाकीची तिघं मागे उभी राहून बघायची आणि आपापल्या जागी परतायची, दर वेळी थोडी आणखी लहान होऊन.

थोरलीची धाकटी बहीण दूर, गाडीने पाच तासांवर. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या थोरलीनेच घातल्या, तापात उशाशी थोरलीच बसली. पण धाकटीच्या लग्नात थोरली सभागृहामागच्या खोलीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. शहरातल्या सगळ्या पाट्या त्याच दिवशी काळ्या पडल्या होत्या. लग्नाच्या फोटोंत सगळे आहेत, थोरली नाही.

आता धाकटी गरोदर होती, आठवा महिना लागला होता. तिने फोनवर सांगितलं, "ताई, माझं माहेर म्हणजे तूच. महिनाभर ये. आणि ये म्हणजे ये बरं का. लग्नात आली होतीस तशी नको."

थोरली रजा मागायला साहेबांकडे गेली. साहेब माणूस चांगला, फक्त धास्तावलेला.

"रजेला माझी ना नाही हो," ते म्हणाले. "पण पाट्या झोपल्या तर मी हाक कुणाला मारू? गेल्या वर्षी तुम्ही दातांच्या डॉक्टरकडे गेलात, तर त्यांनी तोंडात यंत्र घातलेलं असताना मी तीन फोन केले."

"चार," थोरली म्हणाली.

"बघा! रजेला सात आठवडे आहेत. मी एका बाईंना बोलावतोय, टीमला शिकवायला. तुमच्यावाचून चालायला लागलं की खुशाल जा."

सोमवारी बाई आल्या. पस्तीस वर्षं प्रोग्रॅम लिहून आता टीमांना एकत्र काम करायला शिकवत फिरणाऱ्या. केस पांढरे, चाल हलकी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी फळ्यावर सॉफ्टवेअरचे अकरा भाग एकाखाली एक लिहिले आणि विचारलं, "यातलं कोणतं कोण एकट्याने दुरुस्त करू शकतं?"

अकराही भागांसमोर एकच नाव आलं. थोरलीला आधी अभिमान वाटला. मग ती फळ्यावरची एकसारखी रांग पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचत गेली.

"ही टीम नाही," बाई हसत म्हणाल्या. "ही एक गायिका आणि तीन श्रोते."

पिशवीतून त्यांनी स्वयंपाकघरातलं चावीचं घड्याळ काढलं, लाल कोंबडीच्या आकाराचं. नियम सोपा. टेबलावर कीबोर्ड एकच, पडदा एकच. कीबोर्डशी बसेल त्याने स्वतःच्या मनाचं काही लिहायचं नाही, बाकीचे सांगतील तेच उतरवायचं. सांगणाऱ्यांनी कीबोर्डला बोट लावायचं नाही. आठ मिनिटांनी कोंबडी कर्रर्र करते. तिने केलं की उठायचं, पुढचा बसतो.

"आणि तू," बाई थोरलीकडे वळल्या, "विचारलं तरच बोलायचं. कीबोर्डची पाळी तुला नाही."

"मग मी काय करायचं?"

"सगळ्यात अवघड काम. काही नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी वळणमार्गांचा भाग उघडला. रस्ता बंद झाला की बस कुठून वळेल आणि कुठल्या थांब्याला किती उशीर होईल, याचा हिशेब तिथे होता. अगदी वर, सहा वर्षांपूर्वीच्या घाईतली एक ओळ होती: इथे हात लावू नका. – थोरली.

बाईंनी ती मोठ्याने वाचली. "हे कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"तुला धरून?"

शंकेखोर खुदकन हसला. थोरलीही हसली, कान मात्र लाल झाले. नवीने विचारलं, "खोडू, ताई?" थोरलीने मान हलवली. एक ओळ गेली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ते दार सगळ्यांना उघडं झालं.

आत अंधारच होता म्हणा. तिघं चाचपडत होती. उत्तर थोरलीच्या जिभेवर यायचं, ओठांवर थांबायचं. बोटं तर ऐकेनात. टेबलाच्या कडेवरच ती टाईप करायला लागली. बाईंनी पाहिलं. "हातांवर बस."

"काय?"

"हात खाली घे आणि त्यांच्यावर बस."

थोरली बसली. शंकेखोराने टेबलावरच्या कोंबडीकडे पाहिलं, मग थोरलीकडे. "ताई, अंडी उबवताय का?"

त्या दुपारी खोली अशी हसली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी दार लोटून बघून गेलं.

दिवसामागून दिवस गेले. कर्रर्र झालं की चाकांच्या खुर्च्या सरकत. शंकेखोराला जागा सोडवत नसे, म्हणून नवीने त्याच्यासाठी गाणंच रचलं:

कोंबडी बोलली, उठा उठा दादा,
कीबोर्ड सोडताना रडू नका जादा.

गुपचूप गायचा नाही, पण ठेका धरायचा. त्याची वाक्यं सातावरून अकरावर गेली. फळ्यावर थोरलीच्या नावाशेजारी दुसरी नावं उगवू लागली. आधी एका भागापुढे, मग तीन, मग पाच भागांपुढे.

आणि मग थोरलीने घात केला.

तिसऱ्या आठवड्यात तिघांनी मिळून वळणमार्गांचा हिशेब नव्याने लिहिला. चालायचा, पण लांबलचक, गाठी मारून जोडलेल्या दोरीसारखा. थोरलीला तो डोळ्यांत खुपला. रविवारी सकाळी, फक्त एक गाठ सोडवू म्हणून ती बसली. चहा निवला. दुपार झाली. दोनशे ओळींच्या चाळीस झाल्या, देखण्या, नितळ. तिला किती दिवसांनी इतकं बरं वाटलं होतं.

सोमवारी नवीने पडदा उघडला आणि बघतच राहिली.

"ताई, आमचं कुठे गेलं?"

"ते... जरा नीट केलं."

नवीने वरपासून खालपर्यंत वाचलं. "छान आहे," ती हळूच म्हणाली. "पण हे परत तुमचंच झालं."

गुपचूप म्हणाला, "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

शंकेखोराने विनोद केला नाही. तेच सगळ्यात जास्त लागलं.

बाईंनी कोंबडीला चावी दिली नाही. त्यांनी फक्त विचारलं, "धाकटीला कळवायचं का मग, येत नाही म्हणून?"

थोरलीला आपल्या चाळीस ओळी दिसत होत्या, एकापेक्षा एक गोड. आणि धाकटीच्या लग्नाचे फोटोही दिसत होते.

"माझं काढ," ती नवीला म्हणाली. "तुमची जुनी प्रत परत आण."

"सगळी?"

"सगळी. ते शेवटचं शेपूटसुद्धा."

"शेपूट माझं आहे," गुपचूप म्हणाला. "दोन बस एकामागोमाग आल्या तर एकच दिसायची पाटीवर. त्यासाठी लावलंय."

थोरली थबकली. तिच्या देखण्या चाळीस ओळींत दुसरी बस हरवली असती. तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. ती मुकाट्याने हातांवर बसली, आणि या वेळी कुणी सांगायची गरज पडली नाही.

सातव्या आठवड्याच्या बुधवारी पालिकेचं पत्र आलं. नदीवरचा मोठा पूल सोमवारी सकाळी सातपासून दुरुस्तीसाठी बंद, चौदा मार्ग वळणार. वळणमार्गांची खरी परीक्षा. थोरलीने मनात मोजलं: धाकटीला अजून दहा दिवस आहेत, पुलाचं निस्तरून निघू.

शुक्रवारी अकरा वाजता धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात निघालोय. ती सारखी तुमचंच नाव घेतेय."

थोरली उभी राहिली. चौदांपैकी सहा मार्ग झाले होते. एक हात पर्सवर, दुसरा आपोआप कीबोर्डकडे.

"पण पूल..."

"पूल पालिकेचा, बस पालिकेच्या," शंकेखोर म्हणाला. "बहीण तुमची. निघा!"

"आठ राहिलेत अजून."

"आम्ही तिघं आहोत," नवी म्हणाली. गुपचूपने थोरलीच्या खांद्यावरची लॅपटॉपची पिशवी उतरवून घेतली आणि आपल्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं.

"अरे, पण साहेब..."

साहेब दारातच होते. चेहरा पांढराफटक, पण बाजूला सरून त्यांनी वाट दिली. "गाडी बोलावलीय खाली," ते म्हणाले. "आणि मी फोन केला तर उचलू नका. माझा भरवसा नाही."

शनिवारी पहाटे थोरलीला भाची झाली. चिमूटभर नाक आणि खोलीभर आवाज.

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या खोलीत कोवळं ऊन पसरलं होतं. बाळ पाळण्यात, धाकटी उशीला टेकून. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले, साडेसात झाले. थोरली चादरीच्या घड्या घालत होती. घातलेलीच पुन्हा घालत होती.

"बघतेयस घड्याळाकडे," धाकटी म्हणाली.

"नाही गं."

"लग्नातही असंच म्हणाली होतीस. नाही गं, आलेच."

नऊला फोन वाजला. नवी. धाकटीचा चेहरा उतरला. तिने मान खिडकीकडे वळवली. "घे. उचल."

थोरलीने श्वास धरून उचलला. "काय बिघडलं?"

"बिघडलं होतं, ताई!" मागे शंकेखोराचा गलका ऐकू येत होता. "बाजाराच्या थांब्यावर पाटी म्हणत होती, चाळीस नंबरची बस वजा चार मिनिटांत येणार! लोक फोटो काढत होते!"

"वजा चार? म्हणजे थांब्यांचा क्रम..."

"उलटा लागला होता. गुपचूपदादांनी शोधलं. ताई, ते सलग दहा मिनिटं बोलले! साहेबांना समजावून दिलं! आता सगळं नीट आहे, चौदाच्या चौदा मार्ग. काही विचारायला नाही केला फोन. नुसतं सांगायला."

"मग... मी काय करू?"

"तुम्ही?" नवीला प्रश्नच कळला नाही. "तुम्ही काय करणार? बाळ कसंय?"

थोरलीच्या आत कुठेतरी एक बारीक कळ उठली, आपल्यावाचून काहीच अडलं नाही याची. क्षणभरच. मग ती कळ विरघळली. सहा वर्षं ज्या पाट्या तिने एकटीने डोक्यावर धरल्या होत्या, त्या आता चार जणांच्या डोक्यावर होत्या, आणि तिची मान मोकळी झाली होती.

तेवढ्यात पाळण्यातून टाहो फुटला.

"हा आवाज?" फोनमधून शंकेखोर ओरडला. "जोरात आहे, पण तपासून घेतलंत ना?"

"घेतलं! ठेवा आता फोन!" थोरली हसत हसतच रडत होती.

धाकटी अजून खिडकीकडेच बघत होती. "निघायला लागेल ना?" तिने विचारलं. रुसवा नव्हता आवाजात, सवय होती. "गाडी कितीची आहे?"

"गाडी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जायचं नाहीये. झालं त्यांचं. त्यांनीच केलं."

धाकटीने मान वळवली. बहिणीचा चेहरा नीट न्याहाळला. लहानपणी औषध कडू नाही असं सांगितलं की न्याहाळायची तसा. "किती दिवस आहेस मग?"

"तू हाकलेपर्यंत."

धाकटीने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जुनं, नऊ वर्षांच्या पोरीचं हसू आलं.

"मग उभी काय राहिलीयस?" ती म्हणाली. "भाची ओली झालीय तुझी. बदल!"