उबेची दांडी

रुडॉल्फ हेफेलेला थंडी कधी वाजत नसे, वाजायची ती इर्मगार्डला. बेचाळीस वर्षांच्या संसारात गाडीच्या दोन सीटांमधली लाल मुठीची दांडी तिने वर ओढायची, पायांशी ऊब सुटायची, आणि याने काच खाली करत कुरकुरायचं, "अगं, ही गाडी आहे की पावाची भट्टी?" ती गेल्यावर दोन वर्षं त्याने गाडीवरचं कापड काढलं नव्हतं. नोव्हेंबरात काढलं, आणि तिच्या आठवणीने पहिल्यांदाच आपल्या हाताने दांडी वर ओढली. उराखच्या घाटात दुसऱ्या वळणाला ती खाली आलेली होती.

त्याने पुन्हा ओढली, ती पुन्हा खाली. असं आठ दिवस चाललं. स्प्रिंग गेली असेल म्हणून त्याने गाडी बॉयर्लेच्या गॅरेजमध्ये नेली.

"दांडीला काहीही झालेलं नाही," बॉयर्ले म्हणाला, "पण जरा खाली वाका."

या गाडीच्या एंजिनात पाणी नसतं. धुराच्या तापलेल्या नळ्यांवर पत्र्याचं कवच असतं, त्यातून फिरलेली हवा माणसांना ऊब देते. गॅरेजवाले त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. कवचाआडची नळी गंजून दोन बोटं जातील एवढी फाटली होती.

"दांडी वर राहिली असती तर धूर थेट तुमच्या पायांशी. त्यातल्या विषाला वास नसतो, नुसती झोप येते. तुमच्या अंत्यविधीला मला कपाटातून काळा कोट काढावा लागला असता, हेफेले. बंद ठेवायची अक्कल कुणाची?"

"बायकोची."

बॉयर्लेने इर्मगार्डच्या शवपेटीला खांदा दिला होता. तो बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला.

मग त्याने बाकावर हीट एक्स्चेंजरचे दोन जोड मांडले. एक त्याच सालचा, कंपनीचा शिक्का असलेला, पण ठिगळ मारलेला. दुसरा नवा, स्टेनलेसचा. हेफेले म्हणजे जुन्या गाडीत सगळं मूळचंच हवं म्हणणारा, साधा स्क्रूही त्याने कधी परका लावला नव्हता. बॉयर्लेने जुनाच जोड त्याच्यापुढे सरकवला.

"नवा बसव," हेफेले म्हणाला. "वाचवलंय मला कुणीतरी. आता शिक्क्यापायी पुन्हा जीव पणाला लावला तर तिला काय वाटेल?"

शनिवारी सकाळी तो घाट चढून वर पठारावर आला. लख्ख ऊन होतं, शेतांवर पांढरं दव गोठलेलं होतं. दांडी वर होती आणि वरच राहिली. गुडघ्यांपर्यंत छान ऊब आली. आयुष्यात कुणाचे एवढे आभार मानावेसे त्याला वाटले नव्हते. काम झालं, आता ती सुखाने जाईल, असंही वाटून गेलं, आणि त्याचं थोडं वाईट वाटलं.

"उपकार झाले गं," तो शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाला.

समोर रस्ता सरळ होता, मैलभर मोकळा, ना गाडी ना माणूस. लाल मूठ जागची हलली नव्हती. तिच्या शेजारचा हँडब्रेक मात्र एकेक दात कटकटत वर येत होता.